टीव्हीभर एक टाका

काकूंच्या घरी रविवारी बुद्धवंदना झाली की जेवणाआधी प्रत्येकाला एक सुई ओवून द्यावी लागायची.

"ओवली का? मग बस," असं त्या म्हणायच्या. आम्ही विद्यार्थी हसत हसत दोऱ्याचं टोक ओलं करायचो, सुया ओवायचो आणि एका जाड कापडाच्या तुकड्यात ओळीनं टोचून ठेवायचो. सगळ्या सुयांना निळाच दोरा. आठवडाभर त्या सुया काकूंना पुरायच्या.

काकू आमच्यापैकी कुणाच्याच नात्यातल्या नव्हत्या. मूळच्या नागपूरच्या. काका इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, युनिव्हर्सिटीत नोकरीला होते. काका गेल्यावरही काकूंनी घर सोडलं नाही. मुलगी गाडीनं काही तासांवर एडिसनला असते, ती बोलवायची. पण काकू म्हणायच्या, तिकडे आपल्याकडची दुकानं आहेत, इकडे माणसं आहेत. माणसं म्हणजे आम्ही. महाराष्ट्रातून आलेले, चौघाचौघांत अपार्टमेंट वाटून राहणारे, रविवारी भाजी-भाकरी मिळते म्हणून कॅम्पसची बस पकडून येणारे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच "जय भीम" म्हटल्यावर त्यांनी मला आत ओढलं आणि माझं गाव विचारायच्या आधी जेवलीस का ते विचारलं.

त्या दुपटं शिवत होत्या. मुलीला, आम्ही ताई म्हणायचो त्यांना, दिवस गेले होते, पहिलंच बाळ. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून घरातल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचे थर एकावर एक ठेवून ते शिवायचं. काकूंकडे पांढऱ्या साड्या पुष्कळ होत्या. कार्यक्रमांना नेसून नेसून पातळ झालेल्या. मला हे नवीन नव्हतं. माझं स्वतःचं दुपटं माझ्या आत्यानं शिवलेलं आहे, आणि ते अजून आईच्या पेटीत आहे.

एका रविवारी सगळे गेल्यावर मी भांडी घासायला मागे राहिले. काकूंनी ओट्यावर दुपटं पसरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"खरं सांग. सरळ आहे का?"

मी वाकून बघितलं. "थोडी खाली आलीय, काकू."

"थोडी म्हणजे किती?"

"काठाच्या बाहेर गेलीय."

त्यांनी मान हलवली. बोटांना ते आधीच कळलं असावं. मग त्यांनी नळ बंद केला आणि सांगितलं. दोन्ही डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथलंच पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळायचं.

"ताईंना माहीत आहे?"

"तिला वाटतं, चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि तू बोलणार नाहीस." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तिला कळलं तर म्हणेल, ये आई, पण आराम कर. आराम करायला जाऊ का मी? लेकीचं बाळंतपण करायला जायचंय मला. जिला दुपटं सरळ शिवता येत नाही, तिच्या हातात पोर देईल का कुणी?"

मी फडकं घेतलं. भांडी पुसताना डोक्यात एक गोष्ट फिरायला लागली होती.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई अंगणवाडीत मदतनीस. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकते म्हणजे नक्की काय करते, हे मी त्यांना कधी नीट सांगू शकलेले नाही. बाबांनी निघताना लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मित्राकडून एक जुना कॅमेरा आणून दिला होता. "प्रोजेक्टला लागेल," म्हणाले. कुठला प्रोजेक्ट, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. तो कॅमेरा माझ्या कपाटात पडून होता.

पुढच्या रविवारी मी तो घेऊन गेले. कॅमेऱ्याच्या तिपाईला, म्हणजे ट्रायपॉडला, आडवा दांडा लावून कॅमेरा टेबलावर उलटा टांगला, केबल काढून काकूंच्या टीव्हीला लावली. दुपटं टीव्हीवर आलं, पडद्याएवढं मोठं. मला वाटलं, झालंच की.

"सगळं झगझगतंय," काकू म्हणाल्या. पांढरं कापड एवढं मोठं झाल्यावर त्यांना ते ट्यूबलाइटकडे बघितल्यासारखं लागत होतं. शिवाय पडद्यावर हात खालून वर यायच्या ऐवजी वरून खाली येत होता.

म्हणजे चित्र फिरवायला हवं होतं, आणि रंग उलटे करायला हवे होते. पांढरं कापड काळं दिसेल, दोरा उजळ दिसेल. त्यासाठी मध्ये एक कॉम्प्युटर लागणार. माझ्याकडे तळहातात मावेल असा एक होता. एकाच बोर्डावर सगळं असलेला, लॅबच्या अभ्यासासाठी घेतलेला. त्याला यूएसबीतून व्हिडिओ घेणारी एक कांडी लावली. रंग उलटे झाले, चित्र सुलटं झालं. काकूंनी सुई हातात घेतली, एक टाका घातला आणि "आई गं" म्हणून बोट तोंडात घातलं.

"काय झालं?"

"अगं, हा टीव्ही माझ्या मागून चालतोय. मी सुई वर काढते, तेव्हा ह्याची खाली जाते."

मी बघितलं. पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर होता. सिनेमा बघताना कळलासुद्धा नसता. पण हात आणि डोळा यांच्यामध्ये तेवढा वेळ शिरला की हात बावरतो. मी स्वतः शिवून बघितलं, मलाही टोचलं.

शोधल्यावर कळलं की यावर एक उपाय आहे. व्हिडिओ पकडणारं एक छोटं मॉड्यूल मिळतं, काड्यापेटीएवढं. ते यूएसबीत लावायचं नसतं. बोर्डावर कॅमेऱ्यासाठी एक खास खाच असते, तिथे ते चपट्या पांढऱ्या रिबन केबलनं जोडायचं. चित्र थेट आत जातं, वाटेत फार थांबत नाही. मी ते मागवलं. आलं तेव्हा वाटलं, काकूंचं लेकीच्या बाळंतपणाला जाणं एवढ्याशा वस्तूवर टेकलंय.

पहिली चूक सोपी होती. रिबन केबल उलटी बसवली होती. ती नाजूक असते, तिची चकाकती बाजू कुठे तोंड करून हवी हे बघावं लागतं. ती सुलटी केल्यावर बोर्डाला मॉड्यूल दिसलं, पण कॅमेरा मुका.

इथे मला एक गोष्ट शिकायला मिळाली, ती मला आवडली. कॅमेरा असा कुणालाही चित्र देत नाही. केबल जोडली की तो आधी समोरच्याला विचारतो, तुला काय काय दाखवता येतं? टीव्हीकडे या प्रश्नाचं उत्तर कारखान्यातूनच लिहून आलेलं असतं. या मॉड्यूलकडे ते नसतं, त्याची पाटी कोरी असते. ते उत्तर आपण एका छोट्या फाइलमध्ये लिहून त्याला द्यायचं, दर वेळी सुरू करताना. नाही दिलं तर मॉड्यूल गप्प बसतं, आणि म्हणून कॅमेराही गप्प.

मग मी माझ्या मॉनिटरकडचं उत्तर कॉपी केलं आणि मॉड्यूलला दिलं. मॉनिटर चांगला होता, त्याला सगळं येत होतं. कॅमेरा लगेच बोलायला लागला. पण बोर्डावर चित्र येईना. कधी काळा पडदा, कधी हिरव्या चिरफाळ्या, मग पुन्हा काळा. केबल बदलली, बोर्डाची सिस्टिम पुन्हा टाकली. काही रविवार असेच गेले. काकू विचारायच्या नाहीत. सुया ओवून घ्यायच्या, आणि दुपटं कपाटातून बाहेर काढायच्या नाहीत.

मी कुणाला विचारलं नाही, हे खरं. इंटरनेटवर विचारता आलं असतं. लॅबमध्ये विचारता आलं असतं. पण प्रश्न लिहायला घेतला की वाटायचं, हे इतरांना माहीतच असणार, आणि मला माहीत नाही हे त्यांना कळेल. प्राध्यापक "एनी क्वेश्चन्स?" म्हणतात तेव्हा वर्गात मी जशी मान हलवते, तसंच काहीसं.

शेवटी माझ्या रूममेटनंच विचारलं. ती पुण्याची, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. संध्याकाळी स्वयंपाकघरात मॅगी ढवळता ढवळता तिनं टेबलावरच्या पसाऱ्याकडे बोट केलं.

"हे काय चाललंय महिनाभर? बॉम्ब आहे का?"

मी सांगितलं. मुलीला न सांगण्याची गोष्ट गाळून बाकी सगळं.

"कॅमेरा कुठला?"

"तिकडचाच, बाबांनी दिलेला."

"मग पन्नासचा असणार ना. सेकंदाला पन्नास चित्रं."

"होता. मी साठ केला. इथे आल्या आल्याच."

"का?"

"इथे सगळं साठचं असतं ना. तिकडे वीज पन्नासची म्हणून कॅमेरे पन्नासचे, इकडे साठ. सगळे सांगतात."

"यार, तू पण ना." तिनं चमचा बाजूला ठेवला आणि बोर्ड हातात घेतला. "ह्या खाचेतून दोनच वाटा जातात बघ आत. पूर्ण साइजचं चित्र साठच्या स्पीडनं ह्याला झेपत नाही. पन्नास दे, खाईल. आणि उत्तराची फाइल कोणाची दिलीस?"

"माझ्या मॉनिटरची."

ती एवढी हसली की मॅगी ओतू जायला आली. "म्हणजे हा बिचारा कॅमेऱ्याला सगळ्याला हो म्हणतोय, आणि झेपत काहीच नाहीये!"

मीही हसले. पण ते वाक्य नंतर बराच वेळ मनात राहिलं. अमेरिकेत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी काय काय बदललं होतं ते आठवत बसले. घड्याळ, फोनची भाषा, माझं नाव सांगण्याची पद्धत. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन तो आकडासुद्धा. बदलायलाच हवं, असं कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडचं ते इथे चालणार नाही, असं मीच धरून चालले होते.

त्याच संध्याकाळी मी कॅमेरा पुन्हा पन्नासवर आणला. मॉड्यूलसाठी नवी फाइल लिहिली, त्याला खरंच जेवढं येतं तेवढंच सांगणारी. चित्र आलं. माझ्या टेबलावरचा मिठाचा डबा, काळ्या पार्श्वभूमीवर, स्वच्छ. हात हलवला की पडद्यावरचा हातही हलत होता, जवळजवळ बरोबरच. रूममेट मॅगी खात म्हणाली, "एवढ्यासाठी महिना? विचारायचं ना, यार." मी म्हणाले, "हो, विचारायला हवं होतं."

रविवारी काकूंच्या घरी लावलं तेव्हा एक नवी कटकट झाली. चित्रात पट्टे पळायला लागले. इथले दिवे साठच्या तालावर लुकलुकतात, कॅमेरा चित्रं घेतो पन्नासच्या. पण यावेळी मी तिथूनच फोन करून विचारलं, आणि रूममेटनं सांगितलं की शटर एक-साठांश सेकंदावर ठेव. ठेवलं. पट्टे थांबले. चित्रांचा वेग तिकडचा, शटर इकडचं, असा तो कॅमेरा चालायला लागला.

काकू टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसल्या. मान थोडी वळवून, डोळ्याच्या कडेनं बघत.

"हात निळा झालाय गं माझा."

"रंग उलटे आहेत ना, काकू."

"आणि दोरा पिवळा." त्यांनी सुई कापडात घातली, बाहेर काढली. थांबल्या. पुन्हा घातली. यावेळी ओरडल्या नाहीत. "आता हा बरोबर चालतोय," त्या म्हणाल्या, आणि मग जेवायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत. सगळे भुकेले होते. एकानं विचारलं, "काकू, आज सुया ओवायच्या नाहीत?" तर म्हणाल्या, "माझी मी ओवते. तुम्ही भात लावा."

त्यानंतर दुपट्याच्या ओळी सरळ जायला लागल्या. अगदी सरळ नाही. पण काठाच्या आत. वाकडी गेलेली जुनी ओळ त्यांनी उसवली आणि पुन्हा घातली. बोर्ड मी असा बसवून दिला होता की वीज लावली की सगळं आपोआप सुरू व्हावं. एक मोठं हिरवं बटण तेवढं जोडलं. दाबलं की रंग सुलटे, पुन्हा दाबलं की उलटे.

ताई काकूंना न्यायला आल्या तो शनिवार होता. मी सामान बांधायला मदत करायला गेले होते. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी गाडी आली. जावई बाहेर गाडी लावत होते. दार उघडंच होतं, ताई कमरेवर हात ठेवून आत आल्या. काकूंची पाठ दाराकडे होती. शेवटच्या काठाचं काम चाललं होतं, आणि टीव्हीवर एक टाका होता. एकच, उशीएवढा.

ताई तिथेच थांबल्या. आधी टीव्हीकडे बघितलं, मग आईकडे, मग वर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे.

"आई, व्हॉट इज धिस?"

काकूंचा हात थांबला. "दुपटं."

"दुपटं दिसतंय मला. इतकं मोठं का आहे?"

ताई माझ्याकडे वळल्या. "तू सेटअप केलंस हे? शी कान्ट सी?"

बोलायचं नाही असं काकूंनी बजावलेलं होतं, आणि समोर एवढा मोठा टाका होता.

"मराठीत विचार," काकू म्हणाल्या, मागे न वळता. "आणि मला विचार."

ताई सोफ्यावर बसल्या. बसायलाही त्यांना वेळ लागला. "किती दिसतं तुला?"

"कडेकडेचं."

"सिन्स व्हेन?"

"तुला पाचवा लागला तेव्हापासून जास्तच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस. फोनवर रोज बोलतो आपण, आई!"

"तिसऱ्या महिन्यात तुला दवाखान्यात ठेवलं होतं, ते तू मला सांगितलंस?"

ताई ताठ बसल्या. "ते तुला कोणी सांगितलं?"

"ज्यानं सांगितलं तो बाहेर गाडी लावतोय."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. ताईंनाही आलं असावं, पण डोळे भरले होते. त्यांनी ते पुसले.

"ये तू," शेवटी त्या म्हणाल्या. "पण बाळाला एकटीनं उचलायचं नाही. आंघोळ घालायची नाही. मी असेन तेव्हाच. प्रॉमिस?"

काकूंनी हाताखाली चाचपून बघितलं. "दोरा संपला," त्या म्हणाल्या. "सुई ओव."

ताई उठल्या, टेबलापाशी आल्या, सुई घेतली. पोट मध्ये येत होतं. दोनदा दोरा बाजूनं गेला. मग त्यांनी हातातल्या सुईकडे बघणं सोडलं आणि टीव्हीकडे बघितलं. सुईचं भोक तिथे दरवाजासारखं दिसत होतं. दोरा आत गेला. सुई काकूंच्या बोटांत देऊन त्या तिथेच, आईच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, शेवटचा टाका पडेपर्यंत.

कॅमेरा, तिपाई, बोर्ड, मॉड्यूल, सगळं एका खोक्यात भरलं. ताईंनी मला कसं लावायचं ते दोनदा विचारून घेतलं. त्या माझ्याशी चांगलं बोलल्या. पण प्रॉमिसचं काय झालं, ते मला गाडी निघेपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटतं, त्या दोघींनाही कळलं नव्हतं.

मुलगी झाल्याचा मेसेज आला. मग बरेच दिवस काही नाही. रविवारी आम्ही कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये जमायचो, वंदना करायचो, मॅगी खायचो. मला फोन करावासा वाटायचा. पण घरात तान्हं बाळ, आपण कशाला मध्ये, असं वाटून राहून जायचं. खरं तर विचारायचं होतं ते वेगळंच होतं, बाळ काकूंच्या हातात देतात का, आणि ते विचारायची हिंमत होत नव्हती.

मग एका दुपारी क्लासला जाताना फोन वाजला.

"हळू बोल," काकू कुजबुजल्या. "ती झोपलीय."

"ताई?"

"हो. आत. दार लावून झोपलीय."

"आणि बाळ?"

"माझ्या मांडीवर. तिनंच दिलं."

मी जिन्यात थांबले. काकूंचा आवाज अगदी नेहमीचा होता, फक्त हळू.

"ऐक. तुझा तो कॅमेरा लावला. जावयानं स्टँड खुर्चीजवळ आणून ठेवलाय. पण नुसतं नाक दिसतंय. टीव्हीभर नाक."

"काकू, शिवणासाठी जेवढं मोठं ठेवलं होतं तेवढंच आहे ते. कॅमेरा वर घ्या. दांड्याच्या बाजूला एक स्क्रू आहे, तो सैल करा, वर सरकवा, आणि पुन्हा घट्ट करा."

"एका हातानं?"

"बाळाला जरा खाली ठेवता का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "थांब."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. लोखंडाचं काहीतरी घासलं. काकू कुणाला तरी, बाळालाच असणार, "झालं, झालं" म्हणत होत्या. मग परत आल्या.

"आता डोळे आले. तोंड आलं. पण पोर निळं दिसतंय गं."

"हिरवं बटण दाबा."

खटका ऐकू आला. माझा क्लास सुरू झाला होता. वरच्या मजल्यावर दार बंद झाल्याचा आवाज आला. मी फोन कानाला लावून पायरीवर बसले. पलीकडे कुणीतरी नाकातून छोटे छोटे श्वास घेत होतं, तेवढं फोनजवळ ऐकू येत होतं.

"अगं बाई," काकू शेवटी म्हणाल्या, मला नाही, असंच. "नाक तर माझ्या सासूबाईंचं आहे."